साहेबांची अंघोळ

गोऱ्या बाईनं साबणाची वडी उचलली, पिंजऱ्याजवळ नेली आणि माझ्याकडे बघत तर्जनी जोरजोरात हलवली. मग वडी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा तर्जनी हलवली. तिला वाटलं असावं, मी मठ्ठ आहे. पाखराला साबण लावायचा नाही, हे मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. माझ्या शेजारी सासूबाई डोक्यावरचा पदर दातात धरून उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "साबण न्हाई लावायचा. बरं."

बाईचा नवरा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात यंत्रं बसवायला परदेशातून आला होता. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील तेव्हा. कारखाना नवा, आमची कॉलनी त्याहून नवी. रस्ते लाल मुरमाचे, कडुनिंबाची रोपं गुडघ्याएवढी, आणि शेवटच्या चाळीपलीकडे थेट पवनेपर्यंत ज्वारी. साहेबाचं काम संपलं, बोटीची वेळ जवळ आली. पाखराला घेऊन जाणं जमणार नव्हतं. तेव्हा साहेबानं खात्यात विचारलं म्हणे, शांत घर कुणाचं आहे? आणि आमच्या ह्यांनी हात वर केला. मला विचारलं नाही, आईला विचारलं नाही, सरळ हात वर करून मोकळे.

घर शांत होतं हे खरं. जुन्नरकडच्या आमच्या गावी मला मुलगी झाली होती. सव्वा महिनाही पुरा झाला नव्हता, तापानं गेली. त्यानंतर ह्यांनी गाव सोडलं, कंपनीत लागले, आणि मी व सासूबाई त्यांच्या मागोमाग इथे आलो. आम्ही दोघी दिवसभर त्या दोन खोल्यांत असायचो आणि मोजकं बोलायचो. भांडण नव्हतं. फक्त तिचा विषय निघू नये म्हणून दोघीही बाकीचे विषयसुद्धा जपून काढायचो. भांडं पडलं तरी दोघी दचकायचो. असल्या घरात हे पाखरू आलं.

करड्या रंगाचं, होल्याहून जरा बारीक. तोंड पिवळं, डोक्यावर तुरा, आणि दोन्ही गालांवर एकेक शेंदरी ठिपका. बाईनं त्याच्या जातीचं नाव दोन-तीनदा सांगितलं. कॉकटील. सासूबाईंना ते 'काकातील' ऐकू आलं.

"काकाकडचा व्हय? मग मामाकडचा कसा असतू?" त्यांनी मला विचारलं. कितीतरी महिन्यांनी मी पदराआड हसले.

घरी आल्यावर त्यांनी पिंजरा खिडकीत टांगला आणि बराच वेळ त्याच्या गालाकडे बघत राहिल्या. "तीट लावूनच आलंय बघ," म्हणाल्या. "देवानंच लावून धाडलंय. दोन्ही गालांना." साहेबाच्या बंगल्यातून आला म्हणून चाळीतल्या बायकांनी त्याचं नाव 'साहेब' पाडलं, आणि तेच राहिलं.

साहेबाची बडदास्त कशी ठेवायची, हे बाईनं सगळं खुणांनी दाखवलं होतं. पिंजऱ्याच्या तळाला रोज नवा कागद. पाण्याची वाटी रोज घासायची. नखं वाढली की बारीक कात्रीनं अगदी टोक तेवढं कापायचं, रक्त आलंच तर चिमूटभर पीठ दाबायचं. आणि अंघोळीला एक बाटली. अत्तराची असावी पूर्वी, निळ्या काचेची. तिच्या तोंडाला रबरी फुगा होता. फुगा दाबला की धुक्यासारखं पाणी उडायचं. तेवढंच पाणी, वरून, लांबून. बाकी काही नको.

ही अंघोळ सासूबाईंनी आपल्याकडे घेतली. मी मागितलीही नाही. त्यांच्या हाताखालून गावातली निम्मी पोरं गेली होती. बाळंतिणीच्या घरी त्यांना बोलावणं यायचंच. त्या पाटावर बसायच्या, पाय लांब करायच्या, बाळाला नडगीवर पालथं घ्यायच्या आणि बाळ टाहो फोडायला लागलं की वरून गरम पाणी ओतत एका ठरावीक सुरात म्हणायच्या, "झालं, झालं, झालं." पहिलं 'झालं' वर चढलेलं, दुसरं तिथेच थांबलेलं, तिसरं हळूच खाली उतरलेलं. झालेलं काहीच नसायचं, अजून अर्धा हंडा पाणी बाकी असायचं. पण बाळांना ते पटायचं.

साहेबालाही त्या तेच म्हणायच्या. कामाची धांदल ओसरली की पूर्वेच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत यायचा. त्या पट्ट्यात पिंजरा ठेवायचा, दार उघडायचं, साहेब दारावर येऊन बसायचा. सासूबाई फुगा दाबायच्या. धुकं उडायचं, त्यात क्षणभर रंग दिसायचे आणि मिटायचे. साहेब पंख उघडून, मान वाकडी करून, डोळे अर्धे मिटून त्याखाली उभा. "झालं, झालं, झालं." मी तांदूळ निवडत बसलेली असायची आणि माझे हात थांबायचे. त्या घटकेला वाटायचं की आपण इथे नाही, किंवा आहोत पण कुणाच्या तरी दुपारच्या झोपेत आहोत, आणि कुणी उठवलं नाही तर बरं होईल.

मग तो अंग झाडायचा. झाडलं की त्याच्या पिसांतून पांढरी पूड उडायची. बारीक, मैद्याहून बारीक. उन्हाच्या पट्ट्यात ती वर जायची, खाली यायची आणि खाली पोचायच्या आत पुन्हा वर जायची. डोकं पुढे करून तो खाजवून मागायचा, तेव्हा सासूबाई दोन बोटांनी त्याच्या तुऱ्याखाली चोळायच्या. तिथे नवी पिसं काडीसारखी कडक कोषात असायची. चोळलं की कोष फुटायचे आणि त्यातूनही पूडच. कधी त्याला फडक्यात धरून मी नखं कापायची. एकदा कात्री जरा आत गेली, रक्त आलं. मी पीठ शोधतेय तोवर सासूबाईंनी हळद दाबलीसुद्धा. "पीठ कशाला? हळद हाय की घरात," म्हणाल्या. रक्त थांबलं. चार दिवस साहेबाचं एक बोट पिवळं होतं. चाळीतल्या बायका विचारायला लागल्या की लग्न कधी.

महिन्याभरात साहेब शीळ घालायला शिकला. आधी कारखान्याचा भोंगा. शेजारचे एकदा त्यावर डबा घेऊन निघाले आणि फाटकापर्यंत जाऊन परत आले. आणि मग एका सकाळी मी चूल पेटवत असताना खिडकीतून ऐकू आलं. वर चढलेला एक सूर, तिथेच थांबलेला दुसरा, खाली उतरलेला तिसरा. शब्द नाहीत, नुसती शीळ. सासूबाई पाण्याची कळशी कमरेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मला बोलावतोय," म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा मी फार दिवसांत बघितला नव्हता.

सगळं असं छान चाललंय म्हटल्यावर पुरुषमाणसाला काहीतरी सुचणारच. ह्यांचं काम बाटल्या भरण्याच्या खात्यात. आत जायच्या आधी अंघोळ, मग कंपनीचे पांढरे कपडे, तोंडाला फडकं, डोक्याला टोपी. धुळीचा कण चालायचा नाही. एक दिवस हे तणतणतच घरी आले. सुपरवायझरनं दारातच अडवून विचारलं होतं, भुवयांना पीठ लागलंय, गिरणीत शिफ्ट करतोस काय? त्यांनी फळीवरून बोट फिरवलं, पांढरं झालं. उशीवर हात फिरवला, पांढरा झाला.

"ही पावडर बंद झाली पाहिजे," ते जेवताना म्हणाले. "दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर सिंध्यांच्या कॅम्पात कुणालातरी देऊन टाकू. माझी नोकरी असल्या पाखरापायी जायची आहे का?"

"नाहीतर तुमच्या भुवया काढून टाकू," मी म्हणाले. ते हसले नाहीत. सासूबाईही हसल्या नाहीत. त्यांचा घास ताटातच राहिला. त्या खिडकीकडे बघत होत्या.

ती पूड म्हणजे मळ, असंच आम्हा तिघांना वाटत होतं. दुसरं काय वाटणार? अंगावरून पांढरं उडतं म्हणजे अंग कोरडं, म्हणजे अंगाला तेल नाही. आमच्याकडे पोराच्या पायावर पांढऱ्या रेघा उठल्या तरी बायका आईला बोल लावतात.

दिवाळी तोंडावर आली होती. मी कॅम्पाच्या बाजारात पणत्या आणायला गेले. रुळांपलीकडे निर्वासित सिंध्यांनी दुकानं थाटली होती. तिथे उगीच दोन दुकानं जास्त फिरले आणि ऊन कलल्यावर परत निघाले. कॉलनीच्या वाटेवर ज्वारीतून वारा येत होता, पाय जड झाले होते. दाराशी आले आणि तिथेच थांबले.

घरातून धुरीचा वास येत होता. निखाऱ्यावर टाकलेला ओवा, वेखंड. त्याच्याखाली कोमट तेलाचा आणि ओल्या डाळीच्या पिठाचा. हा वास बाळ न्हालेल्या घराचा असतो, दुसऱ्या कुठल्याच घराला येत नाही. मी उंबऱ्यावर उभी होते आणि मला अगदी शांतपणे कळलं की आत माझी मुलगी न्हाऊन झोपली आहे. मला नवल वाटलं नाही. छाती दुधानं भरून यावी तशी ताठली. मी पिशवी हळूच खाली ठेवली, पणत्यांचा आवाज होऊ नये म्हणून.

मग आतून सासूबाईंचा आवाज आला. "झालं, झालं, झालं." त्यात नेहमीचा सूर नव्हता. त्या रडत होत्या.

साहेब त्यांच्या लांब केलेल्या पायांवर होता. पहिल्यांदा मला तो ओळखूच आला नाही. तेल आणि पिठात पिसं चिकटून त्यांच्या दोऱ्या झाल्या होत्या, मधून गुलाबी कातडी दिसत होती. तुरा डोक्याला चिकटलेला. चोच उघडी, आणि सगळं अंग थरथरत होतं. शेजारी घमेल्यात निखारे धुमसत होते.

"साबण न्हाई लावला," सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "बाई नको म्हनली व्हती. साबणाचं बोटबी लावलं न्हाई म्या. नुसतं तेल, अन् डाळीचं पीठ. त्याला देऊन टाकत्यात म्हनून."

मी घमेलं उचलून मागच्या ओट्यावर नेऊन उपडं केलं, दारंखिडक्या उघडल्या. त्यांच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला, साहेबाला त्यात गुंडाळलं आणि पोलक्याच्या आत, उराशी धरलं. त्याचं काळीज माझ्या काळजावर आपटत होतं. हे शिफ्टवरून आले तेव्हाही मी तशीच बसलेली होते. त्यांनी बघितलं आणि चूल पेटवली.

अंधार पडल्यावर सासूबाई माझ्या समोर येऊन बसल्या. "माझ्या हातातच कायतरी हाय," त्या म्हणाल्या. "तिलाबी मीच न्हाऊ घातलं व्हतं. थंडीच्या दिसात. त्याच राती ताप भरला."

पावणेदोन वर्षं ही बाई माझ्यासोबत एका चुलीवर स्वयंपाक करत होती आणि हे पोटात घेऊन होती. मला कधी स्वप्नातही तसं वाटलं नव्हतं. "आत्याबाई, गावात त्या आठवड्यात कितीतरी पोरांना ताप होता," मी म्हणाले. "तुमच्या हातानं काही झालं नाही." त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं इतकंच. मला त्यांची इतकी दया आली, आणि ती त्यांच्यापर्यंत कशी पोचवावी हे कळेना, कारण माझे दोन्ही हात पाखराला धरून अडकले होते.

सकाळी साहेब जिवंत होता. रेशमी वस्त्र आम्ही रिठ्याच्या पाण्यात धुतो, हे मला पहाटे सुचलं. ऊन चढल्यावर कोमट पाण्यात रिठे चोळून गाळून घेतले आणि एकेक पीस बोटांत धरून पुसत गेले. थोडं पुसायचं, साध्या पाण्यानं धुवायचं, उन्हात कोरडं करायचं, पुन्हा गुंडाळून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दिवाळी तशीच आली आणि गेली. आमच्या दारात पणत्या लागल्या, पण फराळाचं तळण मीच करू दिलं नाही. तेलाचा वास त्याला सोसणार नाही असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे मलाच सोसत नव्हता.

साहेब खायला लागला, पण शीळ नाही आणि पूड नाही. पिसं काळपट, मेणचट दिसायची. पावसात भिजला असता तर त्याच्या अंगात थेट पाणी शिरलं असतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ती पूड मळ नव्हतीच, ते त्याचं पांघरूण होतं. हे कामावरून आले की भिंतीला टेकायचे आणि विचारायचे, "आज पावडर पडली का?"

"नाही," मी म्हणायची.

थंडी सरत आली होती. एका संध्याकाळी ह्यांनी फळीवरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. टोक पांढरं होतं. तेच बोट त्यांनी स्वतःच्या दोन्ही भुवयांवरून ओढलं आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंजरा मागच्या ओट्यावर टांगायला खिळा ठोकला, कामावर जायचे कपडे ट्रंकेत ठेवायला सुरुवात केली, आणि देऊन टाकायची भाषा संपली.

सासूबाई मात्र साहेबाच्या जवळ गेल्या नाहीत. कागद बदलायच्या, वाटी घासायच्या, पण तो पिंजऱ्याबाहेर असला की लांब व्हायच्या. निळी बाटली मीच दाबायची. एकदा त्यांनी परातीत मेथीची धुतलेली पानं पसरून ती ओट्यावर ठेवली आणि आत निघून गेल्या. साहेब त्या ओल्या पानांत लोळला, छाती घासली, पंख बडवले. तेव्हापासून मेथी, कोथिंबीर जे असेल ते त्या पसरून ठेवायच्या आणि दाराआडून बघायच्या. शीळही परत आली. चढलेला सूर, थांबलेला, उतरलेला. तो बोलवायचा त्यांनाच. त्या डोक्यावरचा पदर पुढे ओढून चुलीपाशी जायच्या.

पुढच्या पावसाळ्यात मला दिवस गेले. ह्यांना सांगायच्या आधी मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि लगेच मागे घेतला. नंतर स्वतःच चिखलीला जाऊन एका न्हाऊ घालणाऱ्या बाईला ठरवून आल्या. मी भांडले. म्हटलं, घरात तुम्ही असताना बाहेरची बाई कशाला? "तिचा हात चांगला हाय," एवढंच म्हणाल्या. दार लावून घेतल्यासारखा आवाज होता.

मुलगा झाला. चिखलीची बाई पहिल्या दिवशी आली तेव्हा बाहेर कोवळं ऊन होतं. मी खाटेवर, अंगावर दोन घोंगड्या, डोळे मिटत होते आणि उघडत होते. मोरीतून वाफ येत होती, तिच्यात ती बाई आणि बाळ अर्धंमुर्धं दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. सासूबाई माझ्या उशाशी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पाण्याचा पहिला तांब्या पडला आणि बाळानं टाहो फोडला. ती बाई चांगली होती, हातही चांगला असेल. पण ती मुकाट्यानं पाणी ओतत होती. बाळ काळंनिळं होऊन रडत होतं. सासूबाईंची बोटं माझ्या घोंगडीत रुतत चालली होती.

ओट्यावरून शीळ आली. झालं, झालं, झालं. पुन्हा आली. बाळ जितकं मोठ्यानं रडेल तितकी ती मोठी होत गेली.

"कोन वं शिटी मारतंय?" चिखलीची बाई मोरीतून म्हणाली.

सासूबाई उठल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं. "तू सरक जरा," त्या बाईला म्हणाल्या, आणि पाटावर बसून पाय लांब केले. बाळाला नडगीवर पालथं घेतलं, ते मला खाटेवरून दिसलं. मग वाफ मध्ये आली. मी डोळे मिटले. बाहेरून शीळ, आतून आवाज, दोन्ही एका सुरात, आणि मधे पाणी पडतंय. कुठलं 'झालं' कुणाचं ते कळेना. केव्हातरी रडणं थांबलं होतं.

संध्याकाळी हे कामावरून आले. हातपाय धुऊन, कपडे बदलून बाळाला बघायला वाकले आणि तसेच राहिले. तीट आमच्याकडे कपाळाला लावतात. बाळाच्या कपाळाला काहीच नव्हतं. दोन्ही गालांवर एकेक गोल ठिपका होता, काजळाचा नाही, शेंदराचा.

"आई, हे काय?" त्यांनी विचारलं.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तो वाचला माझ्या हातनं. ह्योबी वाचंल."